अमेरिकेतला लिबर्टेरियन उमेदवार: मतपत्रिकेवर नाव येईपर्यंतच दम का संपतो?

शनिवारपेठ (प्रश्न)

आमच्या अभ्यासगटात अमेरिकेतल्या लिबर्टेरियन पक्षावर मांडणी करायची आहे. सरकारने संरक्षण, न्यायालयं, पोलीस एवढंच पाहावं, कर आणि नियम कमी असावेत, ही भूमिका घेऊन हा पक्ष १९७२ पासून दर चार वर्षांनी अध्यक्षपदाला उमेदवार देतो. २०१६ मध्ये गॅरी जॉन्सन यांना ४४ लाख ८९ हजार मतं, म्हणजे ३.३ टक्क्यांच्या आसपास मिळाली. २०२० मध्ये जो जॉर्गेन्सन यांना १८ लाख ६५ हजार, आणि २०२४ मध्ये चेस ऑलिव्हर यांना जेमतेम साडेसहा लाख.

विचारसरणीवर भरपूर वाचायला मिळतं. मला व्यवहार कळत नाही. अशा उमेदवाराला पन्नास राज्यांत मतपत्रिकेवर यायला नेमकं काय करावं लागतं? कुठे अडतं? आणि एवढी मतं मिळूनही दर वेळी पुन्हा पहिल्यापासून का सुरुवात करावी लागते?

---

बॅलटबखर

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा: अमेरिकेत अध्यक्षपदाची एक निवडणूक नसते, राज्यांच्या ५० आणि वॉशिंग्टन डीसीची एक अशा ५१ निवडणुका असतात. आपल्यासारखा एकच निवडणूक आयोग, एकच उमेदवारी अर्ज, एकच छाननी असं काही नाही. राज्यघटना फक्त पात्रता सांगते: जन्माने नागरिक, वय ३५, देशात १४ वर्षं वास्तव्य. मतपत्रिकेवर नाव कसं येणार हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो, आणि ते कायदे बहुतेक ठिकाणी दोन मोठ्या पक्षांच्याच आमदारांनी केलेले आहेत.

फरक किती असतो पाहा. टेनेसीत अपक्ष अध्यक्षीय उमेदवाराला २७५ सह्या पुरतात (११ इलेक्टर, म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्षासाठी मत देणारे प्रतिनिधी, प्रत्येकी २५). पण त्याच राज्यात नावापुढे पक्षाचं नाव छापून हवं असेल तर मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या २.५% सह्या लागतात. म्हणून तिथे लिबर्टेरियन उमेदवार ‘अपक्ष’ म्हणून उभे राहत आले आहेत. लुइझियानात ५०० डॉलर भरून काम होतं. ओक्लाहोमात सह्या नको असतील तर ३५,००० डॉलर भरा. व्हर्जिनियात ५,००० सह्या, पण ११ काँग्रेशनल (म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) मतदारसंघांपैकी प्रत्येकातून किमान २००. टेक्सासात अपक्षाला २०२४ साठी १,१३,१५१ सह्या मेच्या मध्यापर्यंत हव्या होत्या, आणि मार्चच्या प्रायमरीत (मोठ्या पक्षांचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत) मतदान केलेल्या माणसाची सही बाद.

न्यूयॉर्कचं उदाहरण तुमच्या मांडणीत जरूर घ्या. २०२० पर्यंत तिथे १५,००० सह्या लागत. कायदा बदलून ४५,००० केल्या, मुदत ४२ दिवस, शिवाय राज्यातल्या निम्म्या काँग्रेशनल मतदारसंघांतून प्रत्येकी ५०० तरी हव्यातच. २०२४ मध्ये ही मुदत एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत होती, आणि लिबर्टेरियन पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन २६ मेला संपलं. म्हणजे उमेदवार कोण हे ठरेपर्यंत सह्यांची मुदत संपत आली होती. त्या वर्षी ऑलिव्हर ४७ राज्यांत होते. न्यूयॉर्क त्यांत नव्हतं. २०१६ आणि २०२० मध्ये मात्र पक्ष ५० राज्यं आणि डीसी, सगळीकडे होता.

यावर जुना तोडगा म्हणजे तात्पुरता उमेदवार. अधिवेशनाआधी पक्षातल्या कुणाच्या तरी नावावर सह्या घ्यायच्या आणि नंतर नाव बदलायचं. काही राज्यांत हे चालतं, काहींत नाही, काहींत बदलाची स्वतंत्र मुदत असते. ही यादी उमेदवाराच्या वकिलाकडे आदल्या वर्षीच तयार लागते.

आता प्रत्यक्ष सह्या. कायद्यात ५,००० लिहिलं असेल तर ५,००० गोळा करून चालत नाही. किमान दीडपट घ्याव्या लागतात, आणि आव्हान येणार असं दिसत असेल तर त्याहून जास्त. सह्या बाद होण्याची ठरलेली कारणं:

– सही करणारा नोंदणीकृत मतदारच नसतो. रस्त्यावर, जत्रेत, कॉलेजच्या दारात घेतलेल्या सह्यांत हे प्रमाण सगळ्यांत जास्त.
– घर बदललेलं असतं, कागदावर नवा पत्ता आणि मतदारयादीत जुना.
– एकाच कागदावर दोन काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) सह्या, जिथे प्रत्येक काउंटीचा कागद वेगळा हवा.
– तारीख राहिली, किंवा सही करणाऱ्याऐवजी गोळा करणाऱ्याने भरली.
– कागदाखालचं प्रतिज्ञापत्र अपुरं, किंवा नोटरीचा शिक्का नाही. असा कागद गेला की त्यावरच्या सगळ्या सह्या एकदम जातात.

शेवटचं सगळ्यांत महाग पडतं, कारण माणसं खरी आणि सह्या खऱ्या असूनही कागद बाद होतो. रोज संध्याकाळी आलेले कागद मतदारयादीशी ताडून पाहणारा एक माणूस हवाच. शेवटच्या आठवड्यात एकदम तपासायला घेतलं तर चूक कळते, पण दुरुस्तीला दिवस उरत नाहीत.

पैसे घेऊन सह्या गोळा करणारे असतात, प्रति सही काही डॉलर. मुदत जवळ आली की भाव चढतो. त्यामुळे पक्षाचा उन्हाळ्यातला पैसा जाहिरातीत जाण्याऐवजी कागदांवर जातो. तुमच्या ‘दम का संपतो’ला माझं पहिलं उत्तर हेच.

---

कलमवाचक

वरच्या यादीला न्यायालयातली बाजू जोडतो, कारण सह्या जमा केल्यावर खरी झुंज सुरू होते.

पेन्सिल्व्हेनिया, २००४. राल्फ नेडर (लिबर्टेरियन नव्हेत, पण अडचण तीच) यांना २५,६९७ सह्या हव्या होत्या, त्यांनी ५१,२७३ दिल्या. आव्हान आलं, छाननीत १८,८१८ वैध ठरल्या. नाव तर गेलंच, वर आव्हान देणाऱ्यांचा ८१,१०२ डॉलरचा खर्च त्यांच्यावर लादला गेला. पुढे कित्येक वर्षं त्या राज्यात छोट्या पक्षांचे उमेदवार दिवाळखोरीच्या भीतीने अर्ज मागे घेत. संघराज्य न्यायालयांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवायला पुढचं दशक उजाडलं.

मिशिगन, २०१२. गॅरी जॉन्सन आधी रिपब्लिकन प्रायमरीच्या शर्यतीत होते. प्रायमरीतून नाव मागे घेण्याचा त्यांचा अर्ज मुदतीनंतर तीन मिनिटांनी पोचला. त्यामुळे नाव प्रायमरीच्या मतपत्रिकेवर राहिलं, आणि प्रायमरीत हरलेल्याला दुसऱ्या पक्षातर्फे उभं राहता येत नाही या नियमाखाली नोव्हेंबरमध्ये ते बाद झाले. मोठ्या पक्षातून येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने प्रायमरीचे अर्ज भरण्याआधी हा नियम राज्यागणिक तपासायलाच हवा. लिबर्टेरियन पक्षाचे सगळ्यांत जास्त मतं घेणारे उमेदवार जॉन्सन मोठ्या पक्षातूनच आलेले, म्हणून हे कलम या पक्षाला जास्त बोचतं.

न्यूयॉर्क, २०२४. अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांच्याकडे सह्या हव्या त्याच्या दुपटीहून जास्त होत्या. अर्जावर दिलेला राहण्याचा पत्ता खरा नाही, असं न्यायाधीशाने ठरवलं आणि सगळा अर्ज गेला.

सर्वोच्च न्यायालयाची रेषा थोडक्यात सांगायची तर, १९६८ च्या विल्यम्स विरुद्ध ऱ्होड्समध्ये ओहायोचे अशक्यप्राय नियम रद्द झाले. १९७१ च्या जेनेस विरुद्ध फोर्टसनमध्ये जॉर्जियाची ५% सह्यांची अट टिकली. १९८३ च्या अँडरसन विरुद्ध सेलेब्रेझीत ओहायोची मार्चमधली मुदत अध्यक्षीय उमेदवारासाठी फार लवकर म्हणून गेली. तेव्हा मुदत फार लवकर असेल तर भांडण्यात अर्थ आहे. सह्यांचा आकडा मोठा आहे एवढ्यावर भांडाल तर बहुधा हराल.

---

टक्केमोजणी

‘दर वेळी पहिल्यापासून’ या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. पहिल्यापासून सगळीकडे करावं लागत नाही. बहुतेक राज्यांत ठरावीक टक्के मतं मिळवलेल्या पक्षाची मतपत्रिकेवरची जागा पुढच्या वेळेपर्यंत टिकते. पण ती टक्केवारी कोणत्या लढतीत मोजायची हे राज्य ठरवतं, आणि तिथे राष्ट्रीय सरासरी कामाची नसते.

टेक्सासात मागच्या पाच सार्वत्रिक निवडणुकांपैकी एकीत, राज्यभराच्या कुठल्याही एका पदाला २% मिळाले की पक्षाची जागा शाबूत. राज्यभर निवडून येणाऱ्या न्यायाधीशांच्या किंवा रेलरोड कमिशनरच्या लढतीत लिबर्टेरियन उमेदवार का उभा असतो, हे यावरून कळेल. दोन मोठ्या पक्षांपैकी एकाने त्या जागेवर उमेदवार दिला नाही, तर तिसऱ्याला सहज दोन आकडी टक्के मिळतात. त्या उमेदवाराचं नाव कुणाला आठवत नाही, पण त्याच्यामुळे अध्यक्षीय उमेदवाराच्या लाखभर सह्या वाचतात.

ओक्लाहोमात २.५% लागतात. २०१६ मध्ये मतपत्रिकेवर तिसरं नाव फक्त जॉन्सन यांचं होतं, ५.७% मिळाले, पक्ष टिकला. कॅलिफोर्नियात नोंदणीचा मार्ग आहे: एकूण मतदारांपैकी ०.३३% लोकांनी स्वतःला त्या पक्षाचे म्हणून नोंदवलं की पुरे. तेच अपक्षाला २०२४ मध्ये २ लाख १९ हजारांवर सह्या लागल्या असत्या. न्यूयॉर्कने ही पायरीही वर नेली. पूर्वी गव्हर्नरपदाला चार वर्षांतून एकदा ५०,००० मतं पुरत. आता दर दोन वर्षांनी १,३०,००० किंवा २%, जे जास्त असेल ते. जॉर्गेन्सन यांना तिथे ६० हजारांच्या आसपास पडली आणि पक्षाची मान्यता गेली.

इलिनॉयमध्ये ५% ची अट. २०१६ सारख्या सर्वोत्तम वर्षीही जॉन्सन तिथे ३.८% वर थांबले, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा २५,००० सह्या, ९० दिवसांत. २०२० मध्ये महासाथीमुळे न्यायालयाने ही संख्या दहा टक्क्यांवर, २,५०० वर आणली होती, म्हणून जॉर्गेन्सन यांचं नाव तिथे दिसलं. तुम्ही ‘५० राज्यं’ हा आकडा दोन वर्षांसाठी सारखाच मांडलात, तर हा फरक झाकला जाईल.

माझं स्पष्ट मत: या पक्षाने राष्ट्रीय टक्केवारीच्या मागे धावणं सोडून, जिथे पायरी २ ते ३ टक्क्यांवर आहे ती राज्यं राखण्यावर पैसा लावावा. न्यू मेक्सिकोत जॉन्सन यांना ९.३% मिळाले कारण ते तिथले दोन वेळचे गव्हर्नर. तो आकडा दुसरीकडे नेता येत नाही.

---

एडिसनकर

पैशाबद्दल, आणि इथे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना लागू पडेल असं थोडं.

५,००० डॉलरहून जास्त जमले किंवा खर्च झाले की माणूस कायद्याने ‘उमेदवार’ होतो. त्यानंतर १५ दिवसांत फेडरल निवडणूक आयोगाकडे फॉर्म २, आणि समिती नेमल्यावर १० दिवसांत फॉर्म १. एका व्यक्तीकडून एका निवडणुकीसाठी घेण्याची मर्यादा २०२३-२४ मध्ये ३,३०० डॉलर होती, २०२५-२६ साठी ३,५००.

ग्रीनकार्ड असेल तर देणगी देता येते. एच-१बी, एल-१, एफ-१ वर असाल तर नाही, एक डॉलरही नाही, आणि दुसऱ्याच्या नावानेही नाही. विनामोबदला स्वयंसेवा चालते, पण पैसा कुठे खर्च करायचा अशा निर्णयांत भाग घ्यायचा नाही. पिटिशनवर (उमेदवारासाठीच्या सह्यांच्या अर्जावर) सही फक्त पात्र मतदाराने करायची. ग्रीनकार्डवाल्याने उत्साहात सही किंवा मतदार नोंदणी केली तर नागरिकत्वाच्या अर्जात ते अंगाशी येतं. सह्या घेणारा घाईत विचारत नाही, म्हणून आपणच थांबवायचं.

उमेदवाराच्या स्वतःच्या पैशाला मात्र मर्यादा नाही, हे १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलेओ निकालानंतर ठरलं. १९८० मध्ये लिबर्टेरियन उमेदवार एड क्लार्क यांच्याबरोबर उद्योगपती डेव्हिड कोक उपाध्यक्षपदाला उभे राहिले ते याच कारणाने: देणगीदार म्हणून बांधलेले हात उमेदवार झाल्यावर मोकळे. त्या वर्षी ९ लाख २१ हजार मतं, १.०६%. तो टक्का मागे टाकायला २०१६ उजाडलं.

सरकारी पैसा हा पक्षातला जुना वाद. प्रायमरीच्या काळात २० राज्यांत प्रत्येकी ५,००० डॉलर, २५० पर्यंतच्या छोट्या देणग्यांतून जमवले तर तिजोरीतून तेवढीच भर मिळते. बहुतेक लिबर्टेरियन उमेदवारांनी तत्त्व म्हणून ती नाकारली. जॉन्सन यांनी २०१२ मध्ये घेतली. सार्वत्रिक निवडणुकीत ५% मिळाले तर पुढच्या वेळी अनुदान मिळतं. रिफॉर्म पक्षाला २००० मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले ते त्यांचे उमेदवार रॉस पेरो यांच्या १९९६ च्या मतांवर. २०१६ मध्ये जॉन्सन यांच्या प्रचारात या ५% चा उल्लेख वारंवार होता. सरकारचा हात आखडायला निघालेल्याने सरकारी अनुदानाचं गाजर दाखवावं हे मला पटत नाही, आणि मतदारालाही ते पटलं नसावं.

अध्यक्षीय उमेदवारांच्या वादचर्चेचं एका ओळीत: २०१६ मध्ये आयोजक आयोगाची अट पाच जनमतचाचण्यांत सरासरी १५% अशी होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जॉन्सन ८.४% वर होते. बऱ्याच चाचण्यांत पहिला प्रश्न दोनच नावांचा असतो, तिसरं नाव नंतर येतं किंवा येतच नाही. पेरो १९९२ मध्ये मंचावर होते, तेव्हा ही अट नव्हती.

---

शनिवारपेठ

फार उपयोगी. दोन गोष्टी अजून. एक, ‘मतं फोडतात’ हा आरोप कितपत खरा? दोन, समजा असा माणूस निवडून आलाच, तर काँग्रेसमध्ये एकही आमदार-खासदार नसताना तो सरकार खरंच किती लहान करू शकेल?

---

टक्केमोजणी

पहिल्याचं उत्तर. २०२० चे आकडे लोक असे लावतात: जॉर्जियात बायडन यांची आघाडी ११,७७९, जॉर्गेन्सन यांची मतं ६२,२२९. ॲरिझोनात आघाडी १०,४५७, जॉर्गेन्सन ५१,४६५. विस्कॉन्सिनात २०,६८२ आणि ३८,४९१. यावरून ‘ट्रम्प यांना पाडलं’ असा निष्कर्ष निघतो. तो निघत नाही. ती सगळी मतं एका बाजूलाच गेली असती हे गृहीत धरल्याशिवाय हिशेब बसत नाही, आणि त्यातल्या कित्येकांनी तिसरं नाव नसतं तर ती रांगच गाठली नसती.

परिणाम नि:संशय दिसतो तो जॉर्जियाच्या सिनेट निवडणुकीत, कारण तिथे ५०% ओलांडल्याशिवाय विजय नाही. २०२२ मध्ये याच चेस ऑलिव्हर यांनी ८१ हजारांवर, २.०७% मतं घेतली, डेमोक्रॅट वॉरनॉक आणि रिपब्लिकन वॉकर दोघंही ५०% च्या खाली राहिले आणि डिसेंबरमध्ये फेरलढत झाली. इथे तिसऱ्याने कुणाची मतं फोडली असं म्हणता येत नाही, कारण मतदाराला दुसरी संधी मिळाली. मेन आणि अलास्का या राज्यांत पसंतिक्रम लावायची सोय अध्यक्षीय निवडणुकीतही आहे.

---

कलमवाचक

दुसऱ्याचं. जॉन्सन यांनी न्यू मेक्सिकोत गव्हर्नर असताना ७०० हून जास्त विधेयकांवर नकाराधिकार वापरला. प्रचारात हा आकडा फार चालला. पण गव्हर्नरला खर्चाच्या विधेयकातल्या एकेका ओळीवर काट मारता येत होती. अध्यक्षाला तसं करता येत नाही. १९९८ च्या क्लिंटन विरुद्ध न्यूयॉर्क शहर निकालाने ते दार बंद केलं. पूर्ण विधेयक अडवायचं किंवा पूर्ण सही करायची, आणि दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश जमले तर अडवलेलंही मंजूर.

मंजूर झालेला पैसा खर्चच करायचा नाही, हाही मार्ग कायद्याने अडवलेला आहे. १९७४ च्या इम्पाउंडमेंट कायद्यानुसार अध्यक्ष रक्कम रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवू शकतो. अधिवेशनाच्या ४५ दिवसांत काँग्रेसने मान्यता दिली नाही तर खर्च करावाच लागतो.

आकड्यांत: २०२४ च्या आर्थिक वर्षात केंद्राचा खर्च सुमारे ६.७५ लाख कोटी डॉलर. त्यातला ६०% च्या आसपास सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर यांसारख्या आधीच कायद्याने बांधलेल्या योजनांवर, १३% व्याज. दर वर्षी मंजुरीला येतो तो उरलेला चतुर्थांशाहून थोडा जास्त, आणि त्यातला जवळपास निम्मा संरक्षण. म्हणून ‘खर्च निम्मा करू’ म्हणणाऱ्या उमेदवाराला पहिला प्रश्न निवृत्तिवेतनाचा विचारायला हवा.

एकट्याच्या हातात खरोखर असतं ते असं: केंद्रीय गुन्ह्यांतली माफी (अमली पदार्थांच्या केंद्रीय खटल्यांत शिक्षा झालेल्यांसाठी ही मोठी गोष्ट), परदेशातलं सैन्य मागे घेणं, आधीच्या अध्यक्षांचे आदेश रद्द करणं, आणि नियामक संस्थांवर नेमणुका (वरिष्ठ पदांना सिनेटची संमती लागते). नियम रद्द करायलाही सूचना, हरकती, कारणमीमांसा ही नियम करण्याचीच प्रक्रिया उलटी चालवावी लागते. घाईत केलं तर न्यायालय परत पाठवतं. प्रामाणिक उमेदवाराने या चार गोष्टींवर तारीखवार आराखडा द्यावा. प्राप्तिकर रद्द करणं अध्यक्षाच्या हातात नाही, तरी जाहीरनाम्यात वर तेच असतं.

---

वर्धेकर

आपल्याकडची तुलना मांडणीत घ्यायची असेल तर: लोकसभेला अपक्षाला किंवा मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला १० सूचक आणि २५,००० रुपये अनामत (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२,५००). नाव यायला सोपं, फटका नंतर बसतो, एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून जास्त मिळाली नाहीत की अनामत जप्त. अडचण पक्ष नोंदवताना आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार पक्षाच्या घटनेत समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. राजाजी आणि मिनू मसानींच्या स्वतंत्र पक्षाने १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा जिंकल्या तेव्हा ही अट नव्हती. तो पक्ष पुन्हा उभा करू पाहणाऱ्यांनी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान दिलं होतं. शरद जोशींच्या स्वतंत्र भारत पक्षाचा विचारही याच घराण्यातला.

---

शनिवारपेठ

धन्यवाद. शेवटचं: १९७२ मध्ये या पक्षाला एक इलेक्टोरल मत मिळाल्याचं वाचलं. दोनच राज्यांत नाव असताना ते कसं?

---

बॅलटबखर

कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांत नाव, देशभरात ३,६७४ मतं. ते एक मत आलं व्हर्जिनियातून, जिथे पक्ष मतपत्रिकेवर नव्हताच. रॉजर मॅकब्राइड हे तिथले रिपब्लिकन इलेक्टर. त्यांनी निक्सन यांच्याऐवजी लिबर्टेरियन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन हॉस्पर्स आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवार टोनी नेथन यांना मत दिलं. इलेक्टोरल मत मिळवणारी पहिली स्त्री म्हणून नेथन यांची नोंद झाली, आणि १९७६ मध्ये पक्षाने मॅकब्राइड यांनाच उमेदवारी दिली.

आज त्यावर भिस्त ठेवता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या चियाफालो निकालानंतर पक्षाच्या उमेदवाराला सोडून मत देणाऱ्या इलेक्टरला राज्यं दंड करू शकतात, बदलूही शकतात. उलट तिसऱ्या पक्षाला स्वतःचे इलेक्टर नेमताना जपावं लागतं: टेक्सासात ४०, न्यूयॉर्कात २८, प्रत्येकाची लेखी संमती आणि पत्ता, व्हर्जिनियात प्रत्येक मतदारसंघातला एक. यादीतला एखादा केंद्र सरकारच्या लाभाच्या पदावर निघाला तर घटनेनुसार तो अपात्र. सह्यांचे कागद छापायच्या आधी ही यादी पक्की करा, कारण काही राज्यांत इलेक्टरांची नावं त्याच कागदावर छापावी लागतात.